ठाण्या-नवी मुंबईत राहून सजीवांचं वर्गीकरण शिकायचं असेल तर

हिवाळा आला की ऐरोलीच्या खाडीवर रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांची गर्दी होते. त्यातल्या कुणालाही विचारा, हा पक्षी कुणाचा नातेवाईक? दहापैकी नऊ जण म्हणतील, बगळ्याचा किंवा करकोच्याचा. लांब पाय, लांब मान, चिखलात उभा, म्हणजे तोच असणार. हे उत्तर चुकीचं आहे. ते का चुकीचं आहे हे समजलं, तर शाळेत पाठ केलेल्या 'सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती' या माळेपेक्षा कितीतरी जास्त काही समजलं असं म्हणता येईल.

हा लेख अगदी नव्या माणसासाठी आहे. जीवशास्त्राची पदवी लागत नाही. एक वही, पेन्सिल, दहापट मोठं दाखवणारं हातभिंग आणि मोबाइल एवढं पुरतं. दुर्बीण नंतर घ्या. नावांचं पुस्तक त्याहून नंतर.

पहिली पायरी: मासळी बाजारात जा

खाडी किंवा येऊरचं जंगल ही सुरुवातीची जागा नव्हे. तिथे प्राणी पळतात, पक्षी उडतात आणि झाडं तुमच्यासाठी फुलून बसलेली नसतात. बेलापूरजवळचं दिवाळे, ठाण्याची चेंदणी किंवा तुमच्या घराजवळचा कुठलाही मासळी बाजार बरा. पाच-सहा वेगळ्या वंशांचे प्राणी एकाच पाटीवर शांत पडलेले असतात. रविवारी सकाळी जाऊ नका, गिऱ्हाइकांच्या गर्दीत कुणाला वेळ नसतो. आठवड्याच्या मधल्या वारी जा, थोडी मासळी विकत घ्या आणि मग विचारा, "मावशी, हा हलवा जरा शेपटीकडून बघू का?" फुकट हाताळणाऱ्याला मावशी काय ऐकवतात ते ऐकून घ्यायची तयारी असेल, तर खरेदी नाही केलीत तरी चालेल. जून-जुलैमध्ये यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, म्हणून नारळी पौर्णिमेनंतरचे महिने जास्त बरे.

आता पापलेट आणि हलवा शेजारी ठेवा. दोन्ही चपटे, उभट, ताटासारखे. इंग्रजीत एकाला पांढरा पॉम्फ्रेट आणि दुसऱ्याला काळा पॉम्फ्रेट म्हणतात, आणि जुन्या शास्त्रज्ञांनाही ते भाऊ-भाऊच वाटले होते. पापलेटाला १७८८ मध्ये आणि हलव्याला १७९५ मध्ये शास्त्रीय नाव मिळालं, तेव्हा दोघंही स्ट्रोमॅटियस या एकाच प्रजातीत (जातीच्या वरची पातळी, इंग्रजीत जीनस) घातले गेले होते. पण हलव्याच्या शेपटीच्या बुडाशी, अंगाच्या मधल्या रेषेवर बोट फिरवून बघा. तिथे किंचित टणक, खरबरीत खवल्यांची रांग लागते. पापलेटाला ती नाही. पापलेटाच्या कल्ल्याचं तोंडही पाहा. ती एक लहानशी उभी चीर असते. हलव्याचा कल्ला नेहमीच्या माशासारखा मोठा उघडतो. आज हलवा कॅरँजिडी या कुलात आहे. त्या कुलातल्या बऱ्याच माशांच्या शेपटीजवळ तशीच टणक खवल्यांची रांग असते, काहींची तर बोट कापेल इतकी धारदार. पापलेट राहिला स्ट्रोमॅटिडी कुलात. अंगाचा चपटा आकार दोघांनी स्वतंत्रपणे कमावलेला आहे.

त्याच पाटीवर बांगडा आणि सुरमई बघा. एक वीतभर, दुसरी हातभर. एकाचा भाव परवडतो, दुसरीचा विचारावा लागतो. पण दोघांच्याही पाठीवर, दुसऱ्या पराच्या मागून शेपटीपर्यंत बारीक बारीक सुट्या परांची रांग दिसेल, आणि पोटाकडूनही तशीच. बांगड्याला वर पाच आणि खाली पाच असतात, सुरमईला त्याहून जास्त. कुपा (ट्यूना) मिळाला तर त्यालाही ही रांग आहे. हे तिघं एकाच कुलातले, स्कॉम्ब्रिडी.

वहीत अजून नावं लिहायची नाहीत, फक्त लक्षणं लिहायची. सुटे पर आहेत की नाहीत, शेपटीजवळ टणक खवले आहेत की नाहीत, कल्ल्याचं झाकण आहे की उघड्या चिरा आहेत. 'मोठा', 'सुंदर', 'चविष्ट' असलं काही नको. 'चपटा' हा शब्दही जपून वापरा, त्याचं कारण आत्ताच पाहिलं.

मासे खात नसाल तर भाजी मंडईत हेच करता येतं. कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि ब्रोकोली समोर मांडा. या चार भाज्या नसून एकाच जातीचे चार प्रकार आहेत, ब्रॅसिका ओलेरेसिया. माणसाने कुठे कळी, कुठे खोड, कुठे फुलोरा निवडून वाढवला. उलट बटाटा आणि रताळं उपवासाला एकत्र बसतात, पण त्यांचं नातं लांबचं. बटाट्याला डोळे असतात, म्हणजे ते खोड आहे, आणि तो वांगी-टोमॅटोच्या कुलातला. रताळं हे मूळ आहे आणि ते गारवेलीच्या कुलातलं.

दुसरी पायरी: नवं लक्षण आणि जुनं लक्षण वेगळं करा

इथे बहुतेक लोक अडकतात, म्हणून सावकाश जाऊ.

बांगडा, सुरमई, पापलेट, हलवा आणि मोरी (लहान शार्क) असे पाच प्राणी घ्या. 'पाण्यात राहतो, कल्ल्याने श्वास घेतो' हे पाचही जणांना लागू पडतं. म्हणूनच त्यांच्यात कोण कुणाच्या जवळचं, हे त्यावरून ठरत नाही. ते लक्षण फार जुनं आहे, सगळ्यांच्या समान पूर्वजाकडून आलेलं. उपयोगी पडतं ते मधल्या कुठल्या तरी पूर्वजात नव्याने आलेलं आणि फक्त त्याच्याच वंशजांत दिसणारं लक्षण. सुट्या परांची रांग हे तसं लक्षण. जर्मन कीटकशास्त्रज्ञ विली हेनिग यांनी १९५० मध्ये ही पद्धत नीट मांडली, आणि आजचं वर्गीकरण तिच्यावर उभं आहे. त्याआधी सरासरी सारखेपणा बघून गट पाडायची रीत होती. रोहितला बगळ्यापाशी नेणारी रीत तीच.

आता मोरीकडे वळू. हाताला तिची कातडी कानशीसारखी लागते, कल्ल्यावर झाकण नाही, बाजूला पाच उघड्या चिरा आहेत आणि आत हाडाऐवजी कूर्चा. पाकट मिळाली तर उलटी करून पाहा, चिरा पोटाकडे दिसतील. मोरी आणि पाकट हे एका घरातले. बांगडा, पापलेट आणि बोंबील हे दुसऱ्या घरातले, कारण त्यांचा सांगाडा हाडांचा आहे. बोंबील इतका मऊ आहे म्हणून त्याला मोरीच्या घरात ढकलण्याचा मोह होईल, तो आवरा. मऊ असली तरी ती हाडंच.

हाडाच्या सांगाड्याचा धागा पुढे खेचा. बेडूक, पाल, कावळा आणि तुम्ही-आम्ही, सगळे त्याच हाडवाल्या पूर्वजाचे वंशज. म्हणजे नात्याने पाहिलं तर बांगडा मोरीपेक्षा तुम्हाला जवळचा आहे. हे वाक्य पहिल्यांदा ऐकल्यावर लोक हसतात, पण ते अक्षरशः खरं आहे. 'मासा' हा शब्द बाजारासाठी, स्वयंपाकासाठी आणि बोलण्यासाठी उत्तम. वंशाच्या वहीत मात्र तो गट टिकत नाही, कारण त्या पूर्वजाचे निम्मे वंशज आपण बाहेर काढून ठेवलेले असतात.

कोळंबी, चिंबोरी, माकूल आणि तिसऱ्या यांच्यावर फार वेळ घालवत नाही. कोळंबीचे चालायचे पाय मोजा, पाच जोड्या. चिंबोरीचे नांगे धरून मोजा, तेही पाच जोड्या. माकूल साफ करताना आतून जी पारदर्शक काडी निघते, ती शिंपल्याची उरलेली निशाणी आहे. माकूल आणि तिसऱ्या एकाच संघातले, मृदुकाय.

घरी आल्यावर वहीत एक झाड काढा. ज्या फाट्यावर जे लक्षण नव्याने आलं ते तिथे लिहा. मोरी-पाकट एका फांदीवर, हाडवाले दुसऱ्या, त्यातून सुटे पर असलेली वेगळी डहाळी. पहिलं झाड वेडंवाकडं येईल. तरी ते पाठ केलेल्या तक्त्यापेक्षा चांगलं, कारण त्यातली प्रत्येक फांदी कशाच्या आधारावर आहे हे तुम्हाला सांगता येतं.

तिसरी पायरी: दोन जीव वेगळे दिसले की आधी पाच प्रश्न

बाजारातून बाहेर पडलात की फरक दिसायला लागतात आणि नवशिका माणूस प्रत्येक फरकाला नवी जात समजतो. थोर लोकही यातून सुटलेले नाहीत. प्रत्येक जिवाला दोन शब्दांचं नाव द्यायच्या द्विनाम पद्धतीचा पाया घालणाऱ्या कार्ल लिनियसने १७५८ मध्ये एकाच बदकाच्या नराला आणि मादीला दोन वेगळ्या जाती म्हणून नोंदवलं होतं. म्हणून जात वेगळी म्हणण्याआधी पुढचे प्रश्न याच क्रमाने विचारा.

वय वेगळं आहे का? रोहितांच्या थव्यात राखाडी-तपकिरी पक्षी दिसतात, ती पिल्लं आहेत. गुलाबी रंग अन्नातल्या कॅरोटिनॉइड रंगद्रव्यांमुळे काही वर्षांत चढतो.

नर-मादीचा फरक आहे का? सोसायटीच्या आंब्यावर ओरडणारा काळा, लाल डोळ्यांचा कोकीळ नर असतो. त्याची मादी तपकिरी आणि ठिपकेदार. तिला बघून भलत्याच पक्ष्याचं नाव सांगणारे रोज भेटतात.

ऋतूचा किंवा परिस्थितीचा फरक आहे का? संध्याकाळी दिव्याकडे घरात येणारं तपकिरी फुलपाखरू आठवा, कॉमन ईव्हनिंग ब्राऊन. पावसाळ्यात त्याच्या पंखांच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारखे स्पष्ट ठिपके असतात. कोरड्या दिवसांत जन्मलेल्या पिढीत ते जवळजवळ नसतात आणि पंख हुबेहूब वाळलेल्या पानासारखे दिसतात. जात तीच. अळी आणि कोष असताना हवामान कसं होतं, त्यावर पंख ठरतो.

एकाच जातीत जनुकांमुळे पडलेली वेगवेगळी रूपं आहेत का? याचं ठाण्यातलं उत्तम उदाहरण तुमच्या कढीपत्त्याच्या कुंडीवर अंडी घालतं. कॉमन मॉरमॉन फुलपाखराचा नर काळा, मागच्या पंखावर पांढरा पट्टा. मादी मात्र तीन रूपांत येते. एक नरासारखी, दुसरी कॉमन रोज या फुलपाखरासारखी आणि तिसरी क्रिमसन रोजसारखी. ही रोज फुलपाखरं अळी असताना विषारी वेल खातात आणि तो कडवटपणा अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. मॉरमॉनची मादी ते रूप घेते आणि वाचते. ही वेगवेगळी रूपं एकाच जातीच्या माद्या आहेत, हे आल्फ्रेड रसेल वॉलेसने १८६५ मध्ये मांडलं. रूप कुठल्या जनुकामुळे बदलतं हे कळायला २०१४ उजाडलं. फुलपाखरांचे अभ्यासक कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते 'डबलसेक्स' नावाच्या एका जनुकापर्यंत नेऊन पोहोचवलं. घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळेकर वाडीत किंवा येऊरच्या वाटेवर असं फुलपाखरू बसलं, तर पंख सोडा आणि अंग पाहा. खऱ्या रोजचं अंग लाल असतं. मॉरमॉनची मादी पंखांची नक्कल करते, पण अंग काळंच राहतं.

या चारही प्रश्नांना 'नाही' असं उत्तर आलं तरच पाचवा प्रश्न: जात वेगळी आहे का? खाडीवर दोन रोहित दिसतात. मोठ्या रोहिताची चोच फिकट गुलाबी, टोकाला काळी. छोट्याची चोच जवळजवळ सगळीच काळपट लाल. उंचीतही फरक, छोटा साधारण ८० ते ९० सेंटिमीटर, मोठा सव्वा मीटरच्या आसपास किंवा जास्त. हा फरक वयाचा नाही आणि नर-मादीचाही नाही. चोचीच्या आत पट्ट्यांची गाळणी असते. छोट्याची गाळणी फार बारीक, तो डोळ्यांना न दिसणारं शेवाळ गाळतो. मोठा चिखलातले कवचधारी जीव आणि किडे-अळ्या उचलतो. एकाच चिखलात दोघांचं भागतं, त्याचं एक कारण हेच.

इथे एक इशारा. 'का' या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरं असतात आणि ती एकमेकांत मिसळू नका. ईव्हनिंग ब्राऊनचे ठिपके का नाहीसे होतात? एक उत्तर, वाढ होताना हवामानाने शरीरातली प्रक्रिया बदलली म्हणून. दुसरं उत्तर, कोरड्या पाचोळ्यात पानासारखे दिसणारे जास्त वाचले आणि पिढ्यानपिढ्या ती क्षमता टिकली म्हणून. दोन्ही बरोबर, पण एक शरीराचं आणि एक इतिहासाचं. आणि प्रत्येक फरकाला फायदा असलाच पाहिजे असंही नाही. लहान समूहात काही लक्षणं निव्वळ योगायोगाने पसरतात किंवा नाहीशी होतात. निसर्गभ्रमंतीत प्रत्येक ठिपक्याचं 'प्रयोजन' सांगणारा मार्गदर्शक भेटला, तर त्याला हळूच विचारा, हे कुणी तपासलंय का?

चौथी पायरी: आता खाडीवर, पण ओहोटीला

ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये तो महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत गेला. ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून तिथे जाता येतं. होडीने रोहित पाहायचे तर पाणी लागतं, पण आपल्याला कांदळवनाची मुळं पाहायची आहेत, म्हणून ओहोटी हवी. वेळ काढायचा जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणा, म्हणजे भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा. सहाला भरती, तर बाराच्या सुमारास ओहोटी. खाडीत आत पाणी पोहोचायला थोडा उशीर होतो, तेवढी सवलत ठेवा.

आधी दोन नियम. कांदळवनातलं पान किंवा फांदी तोडायची नाही, कायद्याने बंदी आहे. खाली पडलेलं पाहा, बाकीचा फोटो काढा. आणि हुरा नावाचं झाड तिथे असतं, त्याचा पांढरा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला मोठी इजा होते. ओळख पटेपर्यंत चीक असलेल्या कुठल्याही झाडाला हात लावू नका.

चिखलातून वर आलेल्या खुंट्या दिसतील. ती श्वसनमुळं. खाडीच्या चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो, म्हणून मुळं हवा घ्यायला वर येतात. बारीक, पेन्सिलीएवढ्या खुंट्या तिवराच्या, जाड आणि शंकूसारख्या चिपीच्या. दोघांची पानं समोरासमोर, दोघं खाऱ्या पाण्यात उभी, दोघांना श्वसनमुळं. कुणीही म्हणेल, ही सख्खी भावंडं.

आता जवळ जा. तिवराचं खाली पडलेलं पान उलटं करा, खालची बाजू पांढुरकी राखाडी. वरच्या बाजूवर कोरड्या दिवसांत मिठाचे कण दिसतात, हातभिंगातून तर चमकतात. तिवर पानातल्या ग्रंथींमधून मीठ बाहेर टाकतो. चिपीच्या पानावर असे कण दिसत नाहीत. ती बरंचसं मीठ मुळाशीच अडवते. चिपीचं फळ शोधा. हिरवं, गोल, आणि देठाकडे निदलांची (फुलाच्या बाहेरच्या, पाकळ्यांखालच्या दलांची) जाड चांदणी चिकटलेली. आत पुष्कळ बिया. फूल मिळालं तर त्यात पुंकेसरांचा झुबका, आणि ते रात्री उमलतं. आता घरातलं डाळिंब आठवा. त्याच्या डोक्यावरचा जाड मुकुट म्हणजे निदलंच, आणि फुलात पुंकेसरांची तशीच गर्दी. तामणाच्या फुलातही तीच. चिपी, डाळिंब, तामण आणि मेंदी हे सगळे एका कुलातले आहेत, लिथ्रेसी. आणि तिवर? तो अडुळसा आणि कोरांटीच्या कुलात, अकँथेसी. त्याच चिखलात काटेरी पानांची, निळसर-जांभळ्या फुलांची मारांडी असते. ती तिवराच्या जास्त जवळची, दिसायला काहीही साम्य नसलं तरी.

एका कंपनीच्या सगळ्या वॉचमनचा गणवेश एक असतो म्हणून ते भाऊ ठरत नाहीत. श्वसनमुळं आणि खाऱ्या पाण्याशी जुळवून घेणं हा या झाडांचा गणवेश आहे. 'कांदळवन' हे नाव कामाचं आणि जागेचं आहे, घराण्याचं नाही. कांदळ स्वतः वेगळ्या कुलातली, हुरा एरंडाच्या कुलातला. निरनिराळ्या घराण्यांतल्या झाडांनी वेगवेगळ्या काळी त्याच चिखलात टिकायचे मार्ग शोधले. वहीत मात्र श्वसनमुळं खोडून टाकू नका. नातं ठरवायला ती निरुपयोगी असली, तरी चिखलात जगायला काय लागतं हे सांगायला तीच सगळ्यात मोलाची. चिखलावर उड्या मारणारा निवटीही या यादीत घाला. डोळे बेडकासारखे डोक्यावर, पण आहे तो हाडवाला मासाच, परांवर चालणारा.

जुन्या पुस्तकात तिवर साग-निर्गुडीच्या घरात किंवा स्वतःच्या वेगळ्या कुलात सापडेल, आणि डाळिंबाचंही कुल वेगळं दिलेलं असेल. पुस्तक चुकीचं छापलेलं नाही. डीएनएची तुलना झाल्यावर १९९८ नंतर फुलझाडांची बरीच कुलं नव्याने बांधली गेली. पुस्तक कुठल्या सालचं आहे ते आधी पाहायची सवय लावा.

रोहिताचंही असंच. डीएनएने २००१ मध्ये त्याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक दाखवले ते टिबुकल्या, तळ्यात बुड्या मारणारे ते आखूड मानेचे बुटके पक्षी. नंतरच्या मोठ्या अभ्यासांतही ते नातं टिकलं. लांब पाय हा उथळ पाण्यात उभं राहायचा उपाय आहे, आणि बगळ्यानेही तो वेगळा शोधला. ससाण्याचं तर अजून गमतीशीर: तो घारीपेक्षा पोपटाच्या जवळचा निघाला.

पाचवी पायरी: स्वतःची ओळखकिल्ली बनवा

किल्ली म्हणजे दोन-दोन पर्यायांचे प्रश्न. पाटीवरच्या माशांची अशी होईल: कल्ल्याला झाकण आहे की उघड्या चिरा? चिरा असतील तर मोरी किंवा पाकट. झाकण असेल तर शेपटीआधी सुट्या परांची रांग आहे का? असेल तर बांगडा, सुरमई, कुपा. नसेल तर अंग चपटं आहे का? असेल तर शेपटीजवळ टणक खवले आहेत का? असतील तर हलवा, नसतील आणि कल्ला लहान चिरेएवढा उघडत असेल तर पापलेट. इथे 'चपटं' चालतं, कारण किल्लीचं काम फक्त ओळखायचं. नातं सांगणं तिचं काम नव्हे. ही दोन कामं पक्की वेगळी ठेवा. तयार झाली की ती घरातल्या कुणाला तरी द्या आणि तुम्ही न बोलता त्यांना मासा ओळखायला लावा. जिथे ते अडखळतील तो प्रश्न बदला.

सहावी पायरी: आता नावं

शास्त्रीय नाव दोन शब्दांचं. पहिला प्रजातीचा, दुसरा जातीचा. मोठा रोहित फिनिकॉप्टेरस रोझियस, छोटा फिनिकोनायस मायनर. म्हणजे दोघांची प्रजातीही वेगळी, हे नावातूनच कळतं. उलट साधा कावळा कॉर्व्हस स्प्लेंडेन्स आणि डोमकावळाही कॉर्व्हसच. वर्तमानपत्रांत 'प्रजाती' हा शब्द सर्रास जातीसाठी वापरतात, तेव्हा बातमी वाचताना संदर्भ बघून अर्थ लावा.

नावापुढे माणसाचं नाव कंसात दिसलं तर समजा, त्याने ती जात दुसऱ्या प्रजातीत नोंदवली होती आणि नंतर ती हलवली गेली. हलव्याच्या नावापुढे ब्लॉख हे नाव असंच कंसात येतं.

कुल, गण, वर्ग या पातळ्या सोयीसाठी माणसाने ठरवल्या आहेत. बेडकांचं एक कुल आणि गवतांचं एक कुल यांत 'कुल' म्हणून मोजता येईल असं समान काही नाही. फांदी खरी, तिच्यावर लावलेली पातळीची पाटी सोयीची. सृष्टी किती, यावरही पुस्तकं जुळणार नाहीत. रॉबर्ट व्हिटेकरने १९६९ मध्ये पाच मांडल्या, कार्ल वूस आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये त्यांच्याही वर तीन मोठे गट ठेवले. परीक्षा द्यायची नसेल तर यात अडकू नका.

मोबाइल ॲप आणि डीएनए

आय-नॅचरलिस्टसारखं ॲप फोटो पाहून नाव सुचवतं. ती सूचना आहे, पुरावा नव्हे. आधी स्वतः लक्षणं लिहा, मग ॲपला विचारा, आणि दोन्ही जुळत नसतील तर ॲपने कुठलं लक्षण पाहिलं नसेल ते शोधा. झाडाचे फोटो काढताना पानाच्या दोन्ही बाजू, देठाची जागा, फूल बाजूने आणि खोड एवढं घ्या. नुसत्या लांबून काढलेल्या हिरव्या झाडाला जाणकारही नाव देऊ शकत नाही.

डीएनए बारकोड ही पद्धत २००३ मध्ये पॉल हेबर्ट यांनी पुढे आणली. प्राण्यांच्या एका ठरावीक जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा वाचून तो साठ्याशी जुळवतात. तळून झालेला मासा कुठला होता हेही त्यातून कळू शकतं. पण त्यासाठी आधी कुणीतरी खरा नमुना ओळखून, नाव लावून जपलेला लागतो. मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा संग्रह आणि झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम (वाळवलेल्या झाडांचा संग्रह) यांचं महत्त्व म्हणूनच आहे.

नोंद कशी ठेवायची

तारीख, जागा, वेळ, खाडीवर असाल तर भरती की ओहोटी, आणि पाहिलेली लक्षणं. नाव शेवटी, आणि जेवढी खात्री तेवढंच. जात ठरत नसेल तर प्रजातीवर थांबा, प्रजाती ठरत नसेल तर कुलावर. 'चिपी, जात ठरली नाही' ही नोंद 'चिपी आल्बा' अशा अंदाजाने लिहिलेल्या नोंदीपेक्षा शंभरपट उपयोगी. त्या नोंदीशेजारी पुढच्या फेरीत काय पाहायचं तेही लिहून ठेवा. चिपीच्या बाबतीत फूल किंवा फळ मिळालं की निदलं मोजा. चिपीची प्रजाती सोनेरेशिया; त्यातल्या सोनेरेशिया अपेटालाला बहुधा चार असतात आणि पान अरुंद असतं, सोनेरेशिया आल्बाला सहा ते आठ आणि पान रुंद.